जर्मन सचित्र राजकीय पत्रके कशी वाचावीत

1621 साली जर्मन मुलखात एकाच विषयावरची अनेक पत्रके विकली जात होती. एक टपालवाला शिंग फुंकत निघाला आहे, तो हरवलेल्या राजाचा शोध घेतो आहे आणि वाटेत भेटेल त्याला विचारतो आहे की आमचा फाल्ट्सग्राफ, म्हणजे फाल्ट्सचा अधिपती, कुणी पाहिला का. हा हरवलेला राजा म्हणजे फाल्ट्स या जर्मन संस्थानाचा निर्वाचक, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला सत्ताधीश, फ्रीडरिश पाचवा. नोव्हेंबर 1619 मध्ये त्याने प्रागमध्ये बोहेमियाचा मुकुट डोक्यावर चढवला आणि 8 नोव्हेंबर 1620 रोजी व्हाइट माउंटनची लढाई हरल्यावर तो पळून गेला. त्याचे राज्य एकच हिवाळा टिकले म्हणून विरोधकांनी त्याला हिवाळी राजा हे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. आता विचार करा, आउग्सबुर्गच्या बाजारात हे पत्रक विकत घेणाऱ्या माणसाला राजा पळाल्याची बातमी ठाऊक नव्हती का? ती महिन्यांपूर्वीच सगळीकडे पोचलेली होती. तरीही त्याने खिशातून पैसे काढले, कारण त्याला बातमी नको होती. त्या बातमीवर कसे हसावे, हे त्याला हवे होते.

या पत्रकांच्या वाचनात बहुतेक चुका इथेच होतात. आपण त्यांना आजच्या वर्तमानपत्राचे पूर्वज समजतो आणि त्यांत माहिती शोधू लागतो. माहिती पुरवणारी छापील साप्ताहिके तेव्हा वेगळी निघतच होती. श्ट्रासबुर्गमध्ये योहान कारोलुसने 1605 साली आपले साप्ताहिक सुरू केले, 1609 मध्ये वोल्फेनब्युटेलचे निघाले, आणि 1650 मध्ये लाइपझिगला टिमोथेउस रिट्श याने दैनिक काढले. या नियतकालिकांत चित्र जवळजवळ नसेच. प्राग, व्हेनिस, व्हिएन्ना अशा गावांची नावे, तारखा आणि त्याखाली कोरडी वार्तापत्रे एवढाच त्यांचा ऐवज असे. सचित्र एकपानी पत्रकाचे काम निराळे होते. अभ्यासक आज त्याला फ्लुगब्लाट म्हणतात. एका बाजूला छापलेला एक मोठा कागद, वर चित्र, खाली बहुधा पद्य, आणि सगळ्यांच्या डोक्यावर लांबलचक मथळा. अनेक पानांची पुस्तिका असेल तर ती फ्लुगश्रिफ्ट. हा भेद मुकाट्याने लक्षात ठेवावा, कारण जुन्या सूच्यांत दोन्ही एकत्र सापडतात.

आधी कागद

चित्राकडे डोळे ओढले जाणे स्वाभाविक आहे, तरीही सुरुवात कागदापासूनच करावी. पहिला प्रश्न असा की चित्र लाकडी ठशाचे आहे की तांब्याच्या पत्र्यावरचे. लाकडी ठोकळ्यात रेघ उंच ठेवून भोवतालचे लाकूड खोदून काढतात. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, हेही उंचच असतात. त्यामुळे ठोकळा आणि खिळे एकाच चौकटीत आवळून चित्र आणि मजकूर एका दाबात छापता येतो. तांब्याच्या पत्र्यात याच्या उलट प्रकार असतो. रेघ कोरून खोल केलेली असते, शाई त्या खोलीत भरायची, वरचा पत्रा पुसून स्वच्छ करायचा आणि ओला कागद रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. खिळ्यांचा मजकूर मात्र नेहमीच्याच छापयंत्रावर उमटतो. म्हणजे तो कागद दोन वेगवेगळ्या यंत्रांतून गेलेला असतो.

संगणकाच्या पडद्यावर हे ओळखायला फार वेळ लागत नाही. लाकडी ठशाच्या रेघा जाड आणि आखूड असतात, सावली मोजक्या समांतर रेघांनी दाखवलेली असते. तांब्याच्या चित्रात केसाएवढ्या बारीक रेघा एकमेकींना छेदतात आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन दिसतो. चित्र आणि मजकूर यांच्या कडा किंचित तिरक्या असल्या तर दोन वेळा छापल्याची ती खूण समजावी. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तांब्याचे काम वाढत गेले आणि कॅथलिक सम्राटाचा पक्ष आणि प्रोटेस्टंट राज्ये यांच्यातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, म्हणजे 1618 ते 1648 दरम्यान, शहरी राजकीय पत्रकांत त्याचेच राज्य होते.

या तांत्रिक तपशिलावर इतका वेळ घालवण्याचे कारण आहे. चित्र आणि मजकूर वेगवेगळे छापले जात असल्यामुळे ते वेगळे होऊही शकत. तोच पत्रा राखून खालचा मजकूर बदलता येई. एखाद्या सेनापतीच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचे नाव घालता येई. आणि पुढच्या काळातल्या संग्राहकांनी मजकूर कात्रीने कापून चित्र तेवढे वहीत चिकटवले, असेही वारंवार घडले आहे. तेव्हा एखादे चित्र मजकुराशिवाय दिसले, तर ते तसेच विकले गेले होते असे गृहीत धरू नये. कागदाची लांबीरुंदी पाहावी, आणि खालची कड चित्राला अगदी खेटून कापलेली असेल तर सावध व्हावे.

दुसरी खूण म्हणजे उलटे झालेले चित्र. चाललेल्या पत्रकाची नक्कल करताना दुसऱ्या गावचा कोरीवकार मूळ चित्र पाहून ते सरळच पत्र्यावर कोरी, आणि छापल्यावर ते आरशातल्यासारखे उमटे. म्हणून माणसांच्या हातांकडे पाहावे. सगळ्यांच्या तलवारी डाव्या हातात, शपथेचा हातही डावाच आणि ढाली तेवढ्या उलट्या, असे दिसले की आपण नकलेसमोर आहोत अशी शंका घ्यावी. नक्कल असणे हा दोष नव्हे, उलट ती पत्रकाच्या खपाची पावती आहे. मात्र मथळ्यातले किंवा पद्यातले बदल नकलेतच होत असतात, म्हणून कोणती प्रत आधीची हे ठरवून मगच अर्थाकडे वळावे.

रंग असल्यास तो हाताने भरलेला असतो, अनेकदा कापलेल्या साच्यावरून. हे काम करणाऱ्यांना ब्रीफमालर म्हणत. यातल्या ब्रीफ या शब्दाचा अर्थ इथे पत्र नसून छापील कागद असा आहे. न्युर्नबर्ग आणि आउग्सबुर्ग इथले कित्येक ब्रीफमालर रंगवता रंगवता स्वतःच प्रकाशक झाले.

तळाची ओळ आणि तिचा अभाव

आता नजर सरळ कागदाच्या तळाशी न्यावी. कुणी छापले, कुठे छापले? जर्मन राज्ये तेव्हा एका सम्राटाखालच्या पवित्र रोमन साम्राज्यात मोडत. त्या साम्राज्याच्या 1530 च्या आउग्सबुर्ग राजसभेने मुद्रकाचे नाव आणि छपाईचे गाव घालणे बंधनकारक केले होते. 1570 साली श्पायरच्या राजसभेने त्याहून पुढे जाऊन छापखाने फक्त राजधानीच्या, विद्यापीठाच्या आणि मोठ्या साम्राज्य-नगरांतच, म्हणजे थेट सम्राटाखालच्या शहरांतच, असावेत असा नियम केला. त्यामुळे नाव-गाव पूर्ण असेल तर नगर परिषदेची हरकत नसावी असे मानायला जागा असते. हरकत नसणे म्हणजे संमती असणे नव्हे, पण मुद्रक स्वतःचे नाव पुढे करायला तयार आहे एवढे तरी त्यातून कळते. तळाशी फक्त "छापले अमुक वर्षी" एवढेच असेल, गाव नाही आणि नावही नाही, तर ती रिकामी जागा हीच माहिती आहे. अत्यंत जहरी राजकीय पत्रकांत अशी रिकामी जागा सर्रास आढळते.

गाव कळले तर त्या वर्षी त्या गावावर कुणाची सत्ता होती, हे लगेच पाहावे. आउग्सबुर्गचेच उदाहरण घ्या. प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची मालमत्ता कॅथलिकांना परत करावी, अशा 1629 च्या सम्राटाच्या पुनर्स्थापना आज्ञेनंतर तिथल्या प्रोटेस्टंटांवर गदा आली. एप्रिल 1632 मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव्ह आडोल्फ शहरात शिरला. आणि 1635 मध्ये शहर पुन्हा सम्राटाच्या ताब्यात गेले. सहा वर्षांत तीनदा वारे फिरले. कोरीवकार तेच, छापखाने तेच, गिऱ्हाईकही बरेचसे तेच. अशा गावातले पत्रक "आउग्सबुर्ग, साधारण 1630" एवढ्या माहितीवर वाचणे म्हणजे काहीच न वाचण्यासारखे आहे. महिना कळला तरच त्याचा सूर कळतो. न्युर्नबर्गचे वेगळे होते. शहर लुथरपंथी, पण सम्राटाशी असलेले नाते जपणारे, म्हणून तिथली परिषद मुद्रकांना वारंवार आवर घालत असे. कोलोन कॅथलिक होते, तर श्ट्रासबुर्ग प्रोटेस्टंट आणि फ्रान्सच्या सीमेलगतचे. फ्रँकफर्टच्या पुस्तकबाजारात या सगळ्यांचा माल एकत्र येई.

तारीख

तारखेचा घोळ पहिल्यांदा सगळ्यांनाच फसवतो. 1582 मध्ये पोप ग्रेगरीने पंचांग सुधारले. कॅथलिक राज्यांनी ते लवकर स्वीकारले, पण बहुतेक जर्मन प्रोटेस्टंट राज्यांनी 1700 पर्यंत जुनेच चालू ठेवले. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. गुस्ताव्ह आडोल्फ ल्युट्सेनच्या रणात पडला तो दिवस प्रोटेस्टंट पत्रकात 6 नोव्हेंबर 1632 आणि कॅथलिक पत्रकात 16 नोव्हेंबर असतो. काही मुद्रक दोन्ही आकडे अपूर्णांकासारखे वर-खाली छापतात. पत्रकाने कोणता आकडा वापरला आहे यावरून, दुसरे काही कळत नसताना, त्याचा पंथ ओळखण्यास मदत होते.

महिन्यांची जर्मन नावेही शिकून ठेवावीत: होर्नुंग म्हणजे फेब्रुवारी, ब्राखमोनाट म्हणजे जून, हॉयमोनाट म्हणजे जुलै, वाइनमोनाट म्हणजे ऑक्टोबर, क्रिस्टमोनाट म्हणजे डिसेंबर. 7 या आकड्यापुढे "बर" लिहिलेले दिसले तर तो जुलै नसून सप्टेंबर असतो, कारण लॅटिनमध्ये सप्तेम म्हणजे सात; 8 पुढे "बर" म्हणजे ऑक्टोबर.

कधी वर्ष आकड्यांत नसून वाक्यात लपवलेले असते. वाक्यातली काही अक्षरे मधूनच मोठी छापलेली दिसली, तर त्यांना रोमन अंक समजून बेरीज करावी: एम 1000, डी 500, सी 100, एल 50, एक्स 10, व्ही 5, आय 1. गुस्ताव्ह आडोल्फच्या एका नाण्यावर "ख्रिस्तुस दुक्स एर्गो त्रिउम्फुस" असे वाक्य आहे, अर्थ असा की ख्रिस्त नेता आहे, म्हणून विजय. त्यातली मोठी अक्षरे क्रमाने सी, आय, व्ही, डी, एक्स, आय, व्ही, एम, व्ही अशी येतात. 100, 1, 5, 500, 10, 1, 5, 1000 आणि 5 मिळवले की 1627 येतात. गंमत अशी की "दुक्स" मधले यू हे अक्षर मुद्दाम लहान ठेवले आहे, नाहीतर ते व्ही म्हणून मोजले जाऊन बेरीज पाचने वाढली असती. पत्रकांतही हाच खेळ चालतो, आणि मुद्रकाने अशी सोयीची सूट घेतलेली असेल हे धरूनच बेरीज करावी.

अक्षरे आणि अर्थ बदललेले शब्द

फ्राक्टुर, म्हणजे जुन्या जर्मन छपाईतली कोनदार लिपी, हिची भीती आठवड्याभरात जाते. शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला लांब "स" हा "फ" सारखा दिसतो, फक्त त्याची आडवी दांडी उजवीकडे जात नाही. स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ असते. "उंड", म्हणजे आणि, या शब्दाच्या आरंभी "व्ही" छापलेला असतो, कारण शब्दारंभी "यू" ऐवजी तेच अक्षर घालण्याची रीत होती. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असेल तर एक अनुनासिक गाळले आहे असे समजावे. शब्दलेखन ठरलेले नव्हते. एकच नाव एकाच पत्रकात तीन तऱ्हांनी येते, म्हणून कोशात शब्द सापडला नाही की तो मोठ्याने वाचावा. कान बहुतेक वेळा डोळ्याआधी ओळखतो.

खरा धोका ओळखीच्या शब्दांचा असतो. "त्साइटुंग" म्हणजे आज वर्तमानपत्र, पण तेव्हा त्याचा अर्थ खबर एवढाच होता, म्हणून "नॉयं त्साइटुंग" म्हणजे ताजी खबर, वर्तमानपत्राचे नाव नव्हे. "आयगेंटलिश" याचा आज "खरे तर" असा अर्थ आहे. मथळ्यात तो "हुबेहूब, बिनचूक" या अर्थाने येतो. "पोस्ट" म्हणजे टपालही आणि टपालाने आलेली बातमीही. आणि "मिटरनाख्ट" म्हणजे मध्यरात्र नव्हे, उत्तर दिशा. "मिटरनाख्टचा सिंह" या शब्दांवर मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. मध्यरात्री सिंह कुठून आला, काळोख कशाचे प्रतीक, असे बरेच काही वहीत लिहूनही ठेवले होते. तो साधा उत्तरेचा सिंह, म्हणजे स्वीडनचा राजा निघाला. सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस याच्या नावावर खपवलेल्या एका जुन्या भाकितात उत्तरेकडून सिंह येईल असे म्हटले होते, आणि 1630 च्या उन्हाळ्यात गुस्ताव्ह आडोल्फ सैन्यासह पॉमेरेनियाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा पत्रककारांना ते आयतेच मिळाले.

मथळ्यातल्या "वारहाफ्टिग", म्हणजे सत्य, या शब्दाला पुरावा मानू नये. रक्ताचा पाऊस, दोन डोक्यांचे वासरू, आकाशातली लढाई, या सगळ्यांच्या मथळ्यात तो ठसठशीत असतो.

चित्रातले कोण कोण

आता चित्र. पहिल्यांदा त्यात अक्षरे किंवा आकडे आहेत का ते शोधावे. तांब्याच्या चित्रांत माणसांच्या, झाडांच्या, किल्ल्यांच्या अंगावर बारीक ए, बी, सी कोरलेले असते आणि खालच्या मजकुरात त्यांचा खुलासा क्रमाने दिलेला असतो. हा क्रम म्हणजे पत्रककाराने आखून दिलेली वाट आहे. आपली नजर आधी चित्राच्या मध्यावर जाते, त्याची वाट मात्र बऱ्याचदा एखाद्या कोपऱ्यातून निघते.

प्राण्यांच्या बाबतीत तयार याद्यांवर विसंबू नये. दुहेरी डोक्याचा गरुड म्हणजे साम्राज्य किंवा सम्राट, इतके ठीक. पण सिंहाचे काय करायचे? फाल्ट्सच्या ढालीवर सिंह आहे. बोहेमियाचा सिंह दोन शेपटांचा आहे. बव्हेरियाचा माक्सिमिलियान फ्रीडरिशचा कट्टर शत्रू, पण दोघेही एकाच विटेल्सबाख घराण्यातले, म्हणून त्याच्याही ढालीवर तोच सिंह. स्वीडनचा राजा उत्तरेचा सिंह. लुथरने पोपविरुद्ध केलेल्या बंडाच्या शताब्दीला, 1617 मध्ये, निघालेल्या एका प्रसिद्ध पत्रकात शहाणा फ्रीडरिश म्हणून ओळखला जाणारा सॅक्सनीचा निर्वाचक स्वप्न पाहतो आहे: एक भिक्षू विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर लिहितो आहे आणि त्याच्या लेखणीची लांबच लांब काडी रोमपर्यंत पोचून एका सिंहाच्या कानांतून आरपार जाते आणि पोपच्या तिहेरी मुकुटाला धक्का देते. हा सिंह कोणत्याच राज्याचा नव्हे. तो पोप दहावा लिओ आहे, आणि लिओ म्हणजे लॅटिनमध्ये सिंह. तेव्हा सिंह दिसला की शेपटे मोजावीत, डोक्यावर मुकुट कोणता ते पाहावे, पंजात काय आहे ते पाहावे आणि मगच नाव घ्यावे.

नावावरचे कोटिबाजीचे चित्र हा या पत्रकांचा प्राण आहे, आणि परक्या वाचकाच्या हातून सगळ्यात आधी निसटतो तोही हाच. स्पेनचा सेनापती स्पिनोला 1620 मध्ये फाल्ट्सवर चालून गेला. जर्मनमध्ये कोळ्याला श्पिन्न म्हणतात, म्हणून प्रोटेस्टंट पत्रकांत तो जाळे विणणारा कोळी झाला. माग्डेबुर्ग या शहराच्या नावात "माग्ड", म्हणजे कुमारिका, आहे आणि शहराच्या चिन्हातही हातात फुलांची माळ घेतलेली कुमारिका आहे. मे 1631 मध्ये सम्राटपक्षाचा कॅथलिक सेनापती टिली याच्या सैन्याने शहर लुटले आणि जाळले, सुमारे 20,000 माणसे मेली. पत्रकांत ही घटना लग्नाच्या मागणीच्या रूपात येते: सत्तरी ओलांडलेला टिली नवरदेव, आणि नकार देणारी किंवा बळाने ओढली जाणारी ती मुलगी. त्या वेळच्या वाचकाला रूपक समजावून सांगावे लागत नव्हते, ते शहराच्या वेशीवरच कोरलेले होते. एकच रूपक दोन्ही पक्षांनी वापरले हेही लक्षात घ्यावे. कॅथलिकांच्या लेखी हट्टी वधूला अद्दल घडली, प्रोटेस्टंटांच्या लेखी निष्पाप मुलीवर अत्याचार झाला. चित्र जवळजवळ तेच, निवाडा उलटा. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅक्सनीतल्या ब्राइटनफेल्डला टिलीचा मोठा पराभव झाला, तेव्हा पत्रकांनी त्याला मेजवानीच्या टेबलाशी बसवले आणि सॅक्सनीच्या मिठाईकडे हात घालायला लावले. ती मिठाई त्याला पचली नाही, हा विनोद वाचकांनी पुढे कितीतरी दिवस चघळला.

अंगावरच्या कपड्यांकडेही दुर्लक्ष करू नये. हिवाळी राजाच्या काही चित्रांत त्याचा एक पायमोजा खाली घसरलेला दिसतो. हे गबाळेपण नव्हे. फ्रीडरिश हा इंग्लंडच्या राजाचा जावई होता आणि त्याला तिथल्या गार्टर, म्हणजे पायपट्टा, या सरदारी पदाचा मान मिळालेला होता. प्रागमधून पळताना ते मानचिन्ह मागे राहिले. पायपट्टा गेला की मोजा घसरणारच.

पद्य कसे घ्यावे

पद्य बहुतेकदा चार आघातांच्या यमकांच्या जोड्यांत असते. ते मोठ्याने वाचण्यासाठी, कित्येकदा गाण्यासाठीच लिहिलेले असे, आणि काही पत्रकांवर "अमुक गाण्याच्या चालीवर" अशी सूचनाही असते. फेरीवाले ती गाऊन विकत. साक्षरता बेताची असली तरी एक प्रत विकली गेली की तिचे श्रोते पुष्कळ असत. सोळाव्या शतकात न्युर्नबर्गच्या हान्स साक्सने अशा कितीतरी पत्रकांसाठी पद्ये रचली. सतराव्या शतकातली बहुसंख्य पद्ये मात्र निनावी आहेत.

माझी पद्धत उफराटी आहे. मी शेवटच्या चार ओळी आधी वाचतो. वर कितीही थट्टा असली, तरी शेवटी कवी बहुधा देवाकडे किंवा सम्राटाकडे वळतो आणि तिथे त्याचा पक्ष उघडा पडतो. त्यानंतर सुरुवातीला जाऊन एकच प्रश्न विचारावा: हे बोलते कोण? पराभूत माणूस स्वतःच्या तोंडाने विलाप करतो आहे, अशी रचना फार आवडीची होती. ती वाचून कवीला त्याची दया आली असे समजणे ही नवख्याची चूक असते. तो विलाप त्याच्या तोंडी घातलेला असतो, आणि ऐकणारे हसत असतात.

पद्य वाचून झाले की त्याचे उत्तर शोधावे. या पत्रकांना प्रत्युत्तरे असतात. 1529 मध्ये लाइपझिगला लुथरचा कॅथलिक विरोधक कोख्लेउस याने लुथरला सात डोक्यांचा दाखवला. थोड्याच काळात सात डोक्यांचा पोपचा पशू छापला गेला. एकटे वाचलेले उत्तर हे निम्मे भांडण ऐकण्यासारखे असते.

एक पत्रक जवळून

सेबास्टियान ब्रांट या कवीचे 1492 चे पत्रक सरावासाठी उत्तम आहे. 7 नोव्हेंबर 1492 रोजी आल्सासमधल्या एन्सिसहाइम गावाजवळ सुमारे 127 किलोची उल्का पडली. बाझेलमध्ये राहणाऱ्या ब्रांटने तिच्यावर लॅटिन आणि जर्मन पद्य रचले. चित्रात ढग फोडून दगड खाली येतो आहे आणि बाजूच्या गावांची नावे चित्रातच लिहिली आहेत. लाकडी ठसा, एकाच दाबात मजकूर. इथवर हे निसर्गातल्या नवलाचे पत्रक वाटते.

शेवटाकडे गेल्यावर चित्र बदलते. तिथे पद्य थेट माक्सिमिलियानला, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राजाला, उद्देशून बोलते आणि हा दगड फ्रेंचांवर ओढवणाऱ्या संकटाची खूण आहे असे सांगते. का? फ्रान्सलगतच्या ब्रिटनीची डचेस आन हिच्याशी माक्सिमिलियानचे प्रतिनिधीमार्फत लग्न झालेले होते, पण डिसेंबर 1491 मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने तिच्याशी लग्न केले आणि त्यासाठी स्वतःची वाग्दत्त वधू, म्हणजे माक्सिमिलियानचीच मुलगी मार्गारेट, नाकारली. एकाच माणसाचा बायकोवरूनही अपमान आणि मुलीवरूनही. दगड पडला तेव्हा युद्धाचे वारे वाहत होते, आणि त्याच महिन्यात राजा स्वतः एन्सिसहाइमला येऊन दगड पाहून गेला. दगड चर्चमध्ये ठेवण्याचा हुकूम झाला. म्हणजे खगोलाची बातमी हे या पत्रकाचे निमित्त आहे, त्याचे खरे काम राजाला धीर देणे आणि प्रजेला राजाच्या बाजूने उभे करणे हे आहे. जमिनीवरचा दगड प्रत्येकाला दिसत होता. कुणासाठी पडला, हे सांगायला ब्रांट लागला.

दुसरे पत्रक शेजारी ठेवून

शेवटी पुन्हा टपालवाल्याकडे येऊ. तीस वर्षांचे युद्ध संपवणारा वेस्टफालियाचा तह 24 ऑक्टोबर 1648 रोजी म्युन्स्टरमध्ये झाला. त्यानंतर निघालेल्या एका पत्रकाचा मथळा सांगतो की हा आनंद आणि शांतता आणणारा नवा टपालस्वार म्युन्स्टरहून वाइनमोनाटच्या 25 तारखेला रवाना झाला. महिना ऑक्टोबर, आणि तारीख नव्या पंचांगाची, हे आता आपल्याला लगेच कळते. घोडा भरधाव आहे, स्वार शिंग फुंकतो आहे, घोड्याच्या टापांखाली मोडकी शस्त्रे पडली आहेत, आकाशात रोमन देवांचा निरोप्या मर्क्युरी याच्या हातात "पाक्स", म्हणजे शांतता, लिहिलेले पत्र आहे. पद्यात स्वार स्वतःच बोलतो: म्युन्स्टरहून टाच मारत आलो, बरीचशी वाट मागे टाकली, चांगली "पोस्ट" आणली आहे, तह झाला.

हे पत्रक 1621 च्या टपालवाल्याशेजारी ठेवावे. तेच शिंग, तीच घाई. एक जण हरवलेला राजा शोधत दारोदार विचारत फिरतो आणि त्याला उत्तर मिळत नाही, दुसऱ्याला विचारायचे काहीच नाही, तो फक्त सांगत सुटला आहे. मध्ये सत्तावीस वर्षे गेली आहेत. 1648 च्या गिऱ्हाइकाच्या घरी भिंतीवर तो जुना टपालवाला अजून चिकटवलेला असेल, तर नव्याचे शिंग त्याला दुप्पट मोठ्याने ऐकू आले असणार.

असे दुसरे पत्रक शोधण्यासाठी सतराव्या शतकातील जर्मन छापील साहित्याची व्हीडी 17 ही सूची सर्वांत उपयोगी आहे. वोल्फेनब्युटेलच्या हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालयातील आणि म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयातील प्रतींचे स्कॅन तिच्याद्वारे उघडता येतात. सोळाव्या शतकासाठी झ्युरिकच्या मध्यवर्ती ग्रंथालयात योहान याकोब विक या धर्मोपदेशकाने 1560 ते 1588 या काळात जमवलेला संग्रह आहे. त्याने पत्रके आपल्या हस्तलिखितांत तारीखवार चिकटवली, त्यामुळे शेजारच्या पानावर काय होते हे त्याच्याकडूनच कळते. एकाच मथळ्याच्या दोन प्रती मिळाल्या की त्या पडद्यावर बाजूबाजूला लावाव्यात आणि आधी तळाची ओळ, मग हातांतल्या तलवारी, मग पद्याच्या शेवटच्या चार ओळी ताडून पाहाव्यात.